गॅलिलिओची साठ पानं

खगोलशास्त्राची तोंडओळख करून देणारी पुस्तकं शाळेच्या कपाटात बहुधा असतातच. त्यांची मांडणीही ठरलेली. आधी सूर्यमाला, मग ग्रहांचा तक्ता, मग तारे, आकाशगंगा आणि शेवटी कृष्णविवर. गुरूच्या पानावर एक वाक्य हमखास येतं : गुरूचे चार मोठे उपग्रह गॅलिलिओने १६१० साली शोधले. वाक्य बरोबर आहे. पण 'शोधले' म्हणजे त्याने नेमकं केलं काय? ते पुस्तक सांगत नाही आणि मुलंही विचारत नाहीत. परीक्षेला नाव आणि साल पुरतं.

हा शोध ज्या पुस्तकातून जगापुढे आला ते 'सिडेरिअस नुन्सिअस' मार्च १६१० मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. नावाचा अर्थ साधारणपणे 'ताऱ्यांचा निरोप'. भाषा लॅटिन, पानं जेमतेम साठ. अल्बर्ट व्हॅन हेल्डेन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरावी-बारावीच्या मुलांना तो शिक्षकाच्या मदतीने वाचता येईल. नवशिक्याला आकाश कसं दाखवावं, याचा धडा म्हणून हे जुनं पुस्तक आजच्या गुळगुळीत रंगीत पुस्तकांपेक्षा मला उजवं वाटतं. त्यातल्या चुकांसकट.

गुरूचाच भाग घ्या. ७ जानेवारीच्या रात्री गॅलिलिओला गुरूजवळ तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. ते एका सरळ रेषेत होते म्हणून त्याला नवल वाटलं, इतकंच. हे नेहमीचे स्थिर तारेच असणार असं त्याने धरलं. ८ तारखेला पाहतो तो तिन्ही तारे पश्चिमेला! आता गंमत अशी, की त्या दिवसांत गुरू वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात पश्चिमेकडे सरकत होता. तारे स्थिर मानले तर गुरू पूर्वेकडे सरकला असं म्हणावं लागतं. तेव्हा गॅलिलिओला शंका आली ती ग्रहगणितावर. कोष्टकं चुकली असतील आणि गुरू मार्गी असेल, असं त्याला वाटलं. ९ तारखेला आकाश ढगाळ. १० तारखेला दोनच तारे दिसले आणि दोन्ही पूर्वेला. आता गुरू पुन्हा उलट गेला म्हणायचं का? इथे त्याने आपला तर्क सोडला. हलताहेत ते तारेच. तिसरा गुरूच्या मागे दडला असावा. ११ तारखेपर्यंत त्याची खात्री झाली, की जसे बुध-शुक्र सूर्याभोवती, तसे हे तारे गुरूभोवती फिरतात. १३ तारखेला चौथाही दिसला. अशा नोंदी २ मार्चपर्यंत चालतात. प्रत्येक नोंदीबरोबर एक साधी आकृती : मध्ये गुरूचं वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना चांदण्या.

यातली ८ जानेवारीची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. तो तर्क चुकीचा होता. पुस्तक छापताना तो सहज गाळता आला असता, पण गॅलिलिओने तो ठेवला. आपली ओळखपुस्तकं नेमकं हेच गाळतात. मग मुलाच्या हाती फक्त निकाल उरतो, आणि निकाल तर कोणीही सांगू शकतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. त्यानंतर कित्येक वर्षं ऑगस्ट आला की 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' असा निरोप फिरत असे. मंगळाचं अंतर पाठ असलेली मुलंही रात्री गच्चीवर जाऊन बसत. त्यांच्या दृष्टीने पुस्तकातलं वाक्य आणि तो निरोप यांची जात एकच : दोन्ही कोणीतरी सांगितलेलं.

चंद्रावरच्या डोंगराचं गणित तर थेट वर्गात नेण्यासारखं आहे. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमारेषेपलीकडे, काळोखात काही ठिपके चकाकताना गॅलिलिओला दिसले. ती उंच शिखरं, खालच्या जमिनीआधी ऊन लागलेली. काही ठिपके सीमेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाहूनही थोडे दूर होते. व्यास त्याने २००० इटालियन मैल धरला. म्हणजे त्रिज्या १००० आणि ठिपक्याचं अंतर १००. सीमारेषेपाशी सूर्यकिरण पृष्ठभागाला स्पर्शिका होतो, म्हणून तिथे काटकोन. कर्णाचा वर्ग १०,१०,०००, कर्ण १००४ हून जास्त, म्हणून डोंगर चार मैलांहून उंच. पायथागोरसचा सिद्धांत 'कशाला शिकायचा' म्हणणाऱ्या मुलापुढे हे उदाहरण ठेवून पाहा. उत्तर मात्र फुगलेलं आहे. चंद्रावरच्या ॲपेनाइन पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर पाच-साडेपाच किलोमीटरच्या घरात भरतं.

त्याहून मोठी चूक पुढच्याच वाक्यात आहे. पृथ्वीवर एक मैल उंचीचाही डोंगर नाही, असं तो ठोकून देतो. हिमालय राहू द्या, आल्प्स तर त्याच्या उंबरठ्यावर होता! चंद्राच्या चित्रात मध्यावर काढलेलं विवर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठं आहे. दुर्बिणीची भिंगं कशी घासली हे तो जवळजवळ सांगतच नाही. तिचं शास्त्र पुढे कधीतरी देईन म्हणतो आणि ते राहूनच जातं. ज्ञानाबरोबर धंद्याचं गुपितही त्याला सांभाळायचं होतं, असंच म्हणावं लागतं. सुरुवातीची अर्पणपत्रिका म्हणजे तर टस्कनीच्या ड्यूकची निव्वळ खुशामत. उपग्रहांनाही त्याने त्या घराण्याचंच नाव दिलं, आणि त्याच वर्षी दरबारची नोकरी मिळवली. शिवाय लॅटिनमुळे हे पुस्तक पंडितांपुरतंच राहिलं.

तरी दुर्बीण पारखायची त्याने दिलेली रीत पाहा. कागदाची दोन वर्तुळं कापा, एकाचा व्यास दुसऱ्याच्या वीसपट. दोन्ही भिंतीवर लावा. लांब उभं राहून एका डोळ्याने दुर्बिणीतून लहान वर्तुळ पाहा आणि दुसऱ्या, उघड्या डोळ्याने मोठं. दोन्ही सारखी दिसली तर दुर्बीण वीसपट. माझं ऐकू नका, स्वतः मोजा, असा हा व्यवहार आहे. आजच्या कुठल्या ओळखपुस्तकात वाचकाच्या हातातलं साधन पारखायला शिकवलेलं असतं?

शाळेत दुर्बीण नसेल तरी साधी द्विनेत्री, दहापट आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, पुरते. हात हलतो म्हणून ती भिंतीला किंवा तिवईला घट्ट टेकवा. गुरू संध्याकाळी दिसण्याचे महिने पंचांगात पाहून घ्या. मुलांना उपग्रहांची नावं आधी सांगू नका. वहीत मध्ये वर्तुळ काढायचं, दिसतील तेवढे ठिपके मांडायचे, तारीख आणि वेळ लिहायची. आठ-दहा रात्रींनी वह्या एकमेकींशेजारी ठेवून काय हललं ते त्यांनाच ठरवू द्या. ढगाळ रात्रीची नोंदही करायची, गॅलिलिओने ९ जानेवारीची केली तशी.