अपेक्षेचे गीत : जेम्स बाँड चित्रपटांची शीर्षकगीते आणि श्रोत्यांचे पूर्वनिर्णय

बीजसंज्ञा : शीर्षकगीत, अपेक्षाक्षितिज, आस्वाद, चाहतावर्ग, चित्रपटसंगीत

प्रस्तावना :

इऑन प्रॉडक्शन्स या निर्मितीसंस्थेने १९६२ ते २०२१ या काळात जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेरावर २५ चित्रपट निर्माण केले. या मालिकेने नायकाची भूमिका करणारे नट बदलले, दिग्दर्शक बदलले, शीतयुद्ध संपल्यावर शत्रूही बदलले. परंतु चित्रपटाच्या आरंभी येणारे शीर्षकगीत ही तिची प्रथा टिकून राहिली. प्रत्येक नव्या चित्रपटाच्या वेळी ‘गीत कोण गाणार आणि ते कसे असेल’ हा प्रश्न चित्रपटाच्या कथेइतक्याच, किंबहुना तिच्याहूनही अधिक उत्सुकतेने चर्चिला जातो. गीत प्रत्यक्ष ऐकण्यापूर्वीच त्याविषयी एक मत तयार झालेले असते आणि ऐकल्यानंतरचा निर्णय बहुतांशी त्या पूर्वमताच्या तुलनेतच दिला जातो.

ही अपेक्षा कोणत्या घटकांतून घडते, मालिकेचा प्रत्यक्ष इतिहास तिला कितपत पुष्टी देतो आणि शीर्षकगीताचे मूल्यमापन करताना समीक्षेने तिला किती स्थान द्यावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ‘नो टाइम टू डाय’ या चित्रपटाच्या गीताचे उदाहरण विशेष विस्ताराने घेतले आहे.

अपेक्षाक्षितिज आणि शीर्षकगीत :

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. वाचक कोऱ्या मनाने कलाकृतीकडे जात नाही. त्या प्रकारातील पूर्वीच्या कृतींनी त्याच्या मनात एक क्षितिज आखलेले असते आणि नवी कृती त्या क्षितिजाला धरून राहते, त्याला छेद देते किंवा ते विस्तारते, असे याउस यांचे प्रतिपादन आहे. ही संकल्पना साहित्यासाठी मांडली गेली असली तरी बाँडपटांच्या गीतांना ती सहज लागू पडते. कारण एकाच चौकटीत सहा दशके रचली गेलेली अशी गीतमालिका चित्रपटसृष्टीत दुर्मीळ आहे.

या क्षितिजात ढोबळमानाने चार घटक दिसतात. पहिला, भरदार स्त्रीस्वर. दुसरा, पितळी वाद्यांचा ठसठशीत मेळ. तिसरा, चित्रपटाचे नाव गीतात येणे. चौथा, ‘जेम्स बाँड थीम’ या मूळ वाद्यरचनेची ओळखीची खूण. या चारही घटकांचे मूळ शोधू लागल्यास ते मुख्यतः एकाच गीताशी येऊन थांबते. ते म्हणजे जॉन बॅरी यांनी संगीतबद्ध केलेले आणि शर्ली बॅसी यांनी गायलेले १९६४ चे ‘गोल्डफिंगर’. बॅसी यांनी पुढे ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ (१९७१) आणि ‘मूनरेकर’ (१९७९) या चित्रपटांसाठीही गायन केले. बॅरी यांनी मालिकेतील ११ चित्रपटांना संगीत दिले. या सातत्यामुळे बॅसी यांचा आवाज आणि बॅरी यांचा वाद्यमेळ म्हणजेच ‘बाँडचा आवाज’, असे समीकरण रूढ झाले.

इतिहासाची साक्ष :

हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर मात्र पूर्णपणे उतरत नाही. ‘डॉ. नो’ (१९६२) या पहिल्या चित्रपटाच्या आरंभी प्रामुख्याने वाद्यसंगीतच आहे. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) चे गीत मॅट मन्रो या पुरुष गायकाच्या आवाजात आहे आणि चित्रपटाच्या आरंभी त्याची केवळ वाद्यरचना ऐकू येते. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) च्या शीर्षकांवरही शब्दांविना संगीत आहे. ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) मध्ये पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या विंग्ज या वाद्यवृंदाने रॉक संगीत आणले. ‘अ व्ह्यू टू अ किल’ (१९८५) चे गीत ड्युरान ड्युरान या तरुणांच्या पॉप वाद्यवृंदाचे होते आणि अमेरिकेच्या प्रमुख विक्रीक्रमवारीत अग्रस्थान मिळवणारे ते मालिकेतील एकमेव शीर्षकगीत ठरले.

चित्रपटाचे नाव गीतात असावे, हा आग्रह तर एकेकाळी निर्मात्यांचाच होता. ‘थंडरबॉल’ (१९६५) साठी तयार झालेले एक गीत त्यात चित्रपटाचे नाव नसल्याने बाजूला ठेवण्यात आले आणि टॉम जोन्स यांच्या आवाजात नवे गीत ध्वनिमुद्रित झाले. तरीही १९७७, १९८३, २००६, २००८ आणि २०१५ या वर्षांच्या चित्रपटांतील गीतांची शीर्षके चित्रपटांच्या नावांहून भिन्न आहेत. यांपैकी १९७७ च्या गीतात निदान आतल्या एका ओळीत चित्रपटाचे नाव येते. नंतरच्या गीतांनी तेवढेही बंधन पाळले नाही.

‘जेम्स बाँड थीम’ ही सर्वांत निर्विवाद खूण मानली जाते. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत अशी तिच्यातील सरकती स्वरावली कोणत्याही श्रोत्याला क्षणात ओळखू येते. परंतु या खुणेचा उगमही परकाच आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या कुटुंबाविषयीच्या कादंबरीवर एक संगीतिका योजली गेली होती. तिच्यासाठी माँटी नॉर्मन यांनी रचलेल्या चालीतून ही रचना घडली. बॅरी यांनी तिचे वाद्यसंयोजन केले आणि विक फ्लिक यांनी गिटार वाजवली. तिच्या कर्तृत्वाचा वाद लंडनच्या न्यायालयात गेला व २००१ मध्ये निकाल नॉर्मन यांच्या बाजूने लागला. ज्या स्वरांना आज ‘अस्सल बाँड’ म्हटले जाते, ते मुळात वेगळ्याच कथेसाठी जन्मले होते, ही गोष्ट ‘अस्सलपणा’च्या कोणत्याही दाव्याला सावध करणारी आहे.

या सर्व तपशिलांतून एक बाब स्पष्ट होते. परंपरा म्हणून जिचा आधार घेतला जातो ती प्रत्यक्षात एक निवडक स्मृती आहे. तिच्यातून अपवाद वगळले गेले आहेत आणि जे अपवाद लोकप्रिय झाले ते मागाहून परंपरेतच जमा केले गेले आहेत. १९७३ चे रॉकगीत आज कोणालाही परंपराबाह्य वाटत नाही.

निर्णयांची अस्थिरता :

अपेक्षेच्या आधारे दिलेले निर्णय किती अस्थिर असतात, याची दोन उदाहरणे पाहता येतील. मॅडोना यांचे ‘डाय अनदर डे’ (२००२) हे इलेक्ट्रॉनिक ध्वनींवर आधारलेले गीत गोल्डन ग्लोब पुरस्कारासाठी नामांकित झाले. त्याच गीताला सर्वांत वाईट कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्काराचेही नामांकन मिळाले. एकच कृती एकाच वेळी दोन टोकांच्या यादीत जाते, तेव्हा मतभेद केवळ गुणांविषयी नसून मोजपट्टीविषयीही असतो. दुसरे उदाहरण लुई आर्मस्ट्राँग यांनी १९६९ च्या चित्रपटासाठी गायलेल्या ‘वुई हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड’ या गीताचे आहे. शीर्षकांवर न येता चित्रपटाच्या ओघात येणारे हे गीत प्रदर्शनाच्या वेळी फारसे गाजले नाही. १९९४ मध्ये एका जाहिरातीत त्याचा वापर झाल्यावर मात्र ते ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. गीत तेच होते. बदलले होते ते ऐकणाऱ्यांचे क्षितिज.

नाकारल्या गेलेल्या गीतांचे आकर्षणही याच संदर्भात समजून घ्यावे लागते. ‘फॉर युवर आइज ओन्ली’ (१९८१) साठी ब्लाँडी या वाद्यवृंदाने केलेले गीत पुढील वर्षी त्यांच्या स्वतंत्र संग्रहात आले. रेडिओहेड या वाद्यवृंदाने ‘स्पेक्टर’साठीचे आपले न स्वीकारलेले गीत २५ डिसेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध केले. अशा गीतांचा एक समांतर इतिहासच चाहत्यांच्या मनात नांदतो. स्वीकारलेले गीत चित्रपटातील प्रसंगांशी जखडलेले असते, तर नाकारलेले गीत कल्पनेत कोणत्याही निर्दोष चित्रपटाला जोडता येते. न घडलेल्या गोष्टीला दोष लावता येत नाहीत, हेच तिच्या मोहाचे कारण होय.

गीताचे कार्य :

यावर एक आक्षेप संभवतो. शीर्षकगीत स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून विकले जाते, चित्रपटाआधी ऐकवले जाते. मग श्रोत्याने त्याचा निर्णय स्वतंत्रपणे का करू नये? आक्षेप रास्त आहे. गीताला दोन आयुष्ये आहेत, हे मान्यच करावे लागेल. मात्र एका आयुष्याचा निर्णय दुसऱ्यावर लादला जातो, तेथे समीक्षेची गफलत होते.

चित्रपटाच्या अंतर्गत या गीताचे स्थान विशिष्ट आहे. १९६३ पासून बाँडपटात शीर्षकांच्या आधी एक नाट्यपूर्ण प्रसंग येऊ लागला. गीत त्या प्रसंगानंतर आणि मुख्य कथेआधी उभे असते. आपल्या रंगभूमीवरील नांदीप्रमाणे ते सर्वस्वी आरंभी येत नाही. घडलेल्या प्रसंगाचा अर्थ लावणे आणि घडणाऱ्याची चाहूल देणे, असे दुहेरी काम त्याला करावे लागते. ‘स्कायफॉल’ (२०१२) मध्ये तुर्कस्तानातील पाठलागात गोळी लागून बाँड पाण्यात कोसळतो आणि तो बुडत असतानाच अ‍ॅडेल यांचे गीत सुरू होते. त्याची संथ, खोल जाणारी चाल दृश्याचीच गती पुढे नेते आणि मूळ थीममधील सरकत्या स्वरांची छाया त्याच्या स्वरसंवादांत जाणवते. ऑस्कर पुरस्कार मिळवणारे मालिकेतील हे पहिले गीत अपेक्षेलाही उतरले आणि कार्यालाही. म्हणून त्याच्याविषयी फारसा वाद झाला नाही.

‘स्पेक्टर’ (२०१५) च्या सॅम स्मिथ यांच्या गीताची स्थिती वेगळी आहे. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले बाँडगीत होते, त्याला ऑस्करही मिळाले; तरी मते दुभंगली. टीकेचा रोख मुख्यतः उंच, नाजूक स्वरावर होता. वास्तविक अडचण स्थानाची आहे. मेक्सिको सिटीतील भव्य प्रसंगानंतर येणारे हे गीत प्रेमापुढील असहायतेची कबुली देते. पण ज्या मॅडेलिनमुळे ही कबुली संभवते तिची आणि बाँडची भेट कथेत अद्याप झालेलीच नसते. भावना आधी आणि तिचे कारण मागाहून येते. दोष असलाच तर तो आवाजाच्या जातीत नसून या क्रमात आहे.

‘नो टाइम टू डाय’ : एक कसोटी

बिली आयलिश आणि त्यांचे बंधू फिनियस ओ’कॉनेल यांनी लिहिलेले ‘नो टाइम टू डाय’ हे गीत १३ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाले. चित्रपट त्यानंतर एप्रिलमध्ये यावयाचा होता. करोना महामारीमुळे तो वारंवार पुढे ढकलला गेला आणि ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे तर २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. सुमारे १९ महिने हे गीत चित्रपटाविना ऐकले गेले. अपेक्षा आणि कृती यांच्या नात्याचा इतका दीर्घ प्रयोग योजूनही करता आला नसता.

या काळात गीत एका विश्वासघाताचे दुःख सांगणारे म्हणून ऐकले गेले. कुजबुजीसारखा मंद आवाज हा कोणाला संयम वाटला, तर कोणाला ताकदीचा अभाव. दोन्ही बाजूंची तुलना मात्र बॅसींच्या भरदार स्वराशीच होती. विश्वासघात झाला आहे, हे मात्र दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते.

चित्रपट पाहिल्यावर हे गृहीतकच कोसळते. इटलीतील मातेरा येथे बाँडवर हल्ला होतो. मॅडेलिनने आपल्याला फसवले, अशी त्याची खात्री होते आणि तो तिला आगगाडीत बसवून कायमचा निरोप देतो. नेमके तेथे गीत सुरू होते. पुढे उघड होते की मॅडेलिन निर्दोष होती. म्हणजे गीतातील आरोप चुकीचा आहे. ते विश्वासघाताचे गीत नसून विश्वास न ठेवू शकणाऱ्या माणसाचे गीत आहे आणि त्या अविश्वासाची किंमत पुढील संपूर्ण कथेत मोजली जाते. आता मंद स्वराचाही अर्थ बदलतो. स्वतःशीच घोकलेला, बाहेर तपासून न पाहिलेला संशय मोठ्याने उच्चारला जात नाही. जो गुण किंवा दोष गायिकेच्या शैलीचा म्हणून नोंदवला गेला होता, तो येथे पात्राच्या मनःस्थितीचा भाग ठरतो. १९६९ चे आर्मस्ट्राँग यांचे गीत चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा ऐकू येते, तेव्हा आरंभीच्या संशयाला दिलेले ते विलंबित उत्तर वाटते.

हा अर्थ १९ महिन्यांत कोणत्याही श्रोत्याला कळणे शक्य नव्हते, त्यामुळे श्रोत्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र अंतिम निर्णय म्हणून जे मांडले गेले ते अपुऱ्या पुराव्यावर आधारलेले होते, एवढे निश्चित.

समारोप :

२०२५ मध्ये या मालिकेचे सर्जनशील नियंत्रण अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले आणि पुढील चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव यांचे नाव जाहीर झाले. अशा स्थित्यंतरात नव्या शीर्षकगीताकडून ‘परंपरा राखावी’ ही मागणी अधिक तीव्र होणे स्वाभाविक आहे. या पार्श्वभूमीवर पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) बाँडगीताविषयीची अपेक्षा ही परंपरेचे प्रतिबिंब नसून परंपरेतून केलेली निवड आहे. तिचा उगम मुख्यतः १९६४ च्या एका गीतात आहे.

२) या अपेक्षेत मूलभूत विसंगती आहे. गीत ओळखीचे असावे आणि नवेही असावे, अशा दोन मागण्या ती एकाच वेळी करते. त्यामुळे कोणतेही गीत तिच्या एका बाजूने अपुरे ठरवता येते.

३) गीताच्या स्वतंत्र श्रवणमूल्याचा निर्णय आधी देता येईल, परंतु शीर्षकगीत म्हणून त्याचा निर्णय चित्रपटातील त्याच्या स्थानावरूनच द्यावा लागेल.

४) चाहत्यांची अपेक्षा ही समीक्षेची मोजपट्टी होऊ शकत नाही. ती समीक्षेचा अभ्यासविषय आहे.

अपेक्षा बाळगणे हा रसिकाचा हक्क आहे. तिच्याविना उत्सुकता नाही आणि उत्सुकतेविना आस्वाद नाही. समीक्षकाला मात्र अपेक्षेच्या पलीकडे जाऊन कृतीची वाट पाहावी लागते. बाँडगीतांचा इतिहास ही वाट पाहण्याची गरज पुनःपुन्हा सिद्ध करतो.