राजाचं रेफरन्स फोल्डर

माझ्या टॅबलेटवर ‘कबंध’ नावाची एक फाईल आहे. गेलं वर्षभर ऑफिसचं काम संपलं की रात्री ती उघडते. अरण्यकांडातला हा राक्षस डिजिटल चित्रकाराला मोहात पाडणारा आहे. त्याला डोकं नाही, मान नाही. तोंड पोटात, छातीवर एकच डोळा आणि योजनभर लांब हात. मी त्याला पीळदार स्नायू दिले, डोळ्यात नारिंगी आग पेटवली, मागे धुकं सोडलं. ऑफिसमधल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, “भारी! कुठल्या गेममधला?”

बोलणं लागलं, कारण खरं होतं. माझ्या रेफरन्स फोल्डरमधली जवळजवळ सगळी चित्रं गेम आर्टचीच होती. दुसरं काही येणार कुठून?

त्याच महिन्यात सुट्टीला विट्याला गेले होते, तिथून स्कूटरने औंध गाठलं. लहानपणी शाळेच्या सहलीत श्री भवानी संग्रहालय पाहिलं होतं, पण तेव्हा सगळं लक्ष डब्याकडे. या वेळी मी बाळासाहेब पंतप्रतिनिधींसाठी गेले. औंध संस्थानचा हा राजा (१८६८–१९५१) बहुतेकांना सूर्यनमस्कारांमुळे माहीत असतो. पण त्याने रामायणातले प्रसंग स्वतः रंगवले आणि १९१६ मध्ये त्यांचं ‘चित्ररामायण’ छापून आणलं. गादीवर बसून सात वर्षं झाली होती. कारभार सांभाळून चित्रं काढायची, म्हणजे आमच्यासारखाच साइड प्रोजेक्ट म्हणायचा. फक्त बजेट वेगळं.

ही चित्रं मला आवडली का? थोडी. बहुतेक चित्रांत आपण नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलोय असं वाटतं. पात्रं समोर येऊन उभी राहतात, भाव चेहऱ्यापेक्षा हातांवर जास्त. प्रसंग लगेच ओळखू येतो, माणूस मात्र ओळखीचा होत नाही. यामागे राजा रविवर्मा आहे हे सांगायला तज्ज्ञ नको. त्याची ‘सैरंध्री’ तर याच संग्रहालयात आहे. रविवर्म्याने पुराणातल्या बायकांना नऊवारी नेसवली आणि त्या एकदम घरातल्या झाल्या. पण तो जिवंतपणा नुसती मांडणी उचलून हाती लागत नाही. मी गेम आर्टचा प्रकाश उचलला आणि माझा कबंध तसाच निर्जीव राहिला, ही तीच चूक.

बाळासाहेब मात्र तिथे थांबले नाहीत. १९१८ मध्ये भांडारकर संस्थेला महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी लाख रुपये देऊ केले. पुढे वेरूळ आणि अजिंठ्यावर स्वतंत्र पुस्तकं लिहिली. लेण्यांत वस्त्रं, दागिने, केशरचना दगडात आणि रंगांत शाबूत आहेत, त्यामुळे पुराणकथा रंगवणाऱ्याला त्यांच्याइतका जुना रेफरन्स सापडणं कठीण. हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावरही शिकत होता, याचं मला फार कौतुक आहे. तरी एक सांगते, मुकुट अचूक काढता आला म्हणून मुकुटाखालचा राम कळतो असं नाही.

मला खरं कोडं पडलं ते वेगळंच. बाळासाहेब कीर्तनकारही होते. आख्यान रंगलं की कीर्तनकार क्षणात मंथरा होतो, क्षणात दशरथ. आवाज बदलतो, खांदे बदलतात, तो पात्राच्या आत शिरतो. मग हातात ब्रश घेतल्यावर हाच माणूस बाहेर प्रेक्षकांत का जाऊन बसतो? कदाचित रामाच्या आत शिरायला भक्ताला संकोच वाटत असेल. पण शूर्पणखेच्या, मारीचाच्या आत?

ते धाडस याच संस्थानातल्या दुसऱ्या एका माणसाने केलं. औंध संस्थान तुकड्या-तुकड्यांचं होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. आटपाडीजवळच्या माडगूळचा एक मुलगा औंधला शिकायला होता, तो ग. दि. माडगूळकर. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर त्याचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. छप्पन्न गीतं, आणि बहुतेक गीतं कुणा ना कुणा पात्राच्या तोंडची. शूर्पणखासुद्धा स्वतः बोलते. चित्रकाराने काढली नाही अशी शूर्पणखा मला त्या गाण्यात दिसली.

तरीही औंधहून परतताना डोक्यात राहिलं ते संग्रहालयच. रविवर्मा, जुनी लघुचित्रं, युरोपियन चित्रांच्या नकला, हस्तिदंत आणि चंदनातलं कोरीवकाम, आणि मधेच हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. माझ्या फोल्डरमध्ये चारशे चित्रं आहेत आणि ती सगळी एकमेकांची चुलत भावंडं. बाळासाहेबांचा ब्रश कितीही बेतलेला असो, १९३८ मध्ये टेकडीवर उघडलेल्या त्या इमारतीत मला त्यांची वाढ चित्रांपेक्षा जास्त दिसली.

घरी येऊन अरण्यकांड पुन्हा वाचलं. कबंध रामाला सांगतो की इंद्राच्या वज्राने डोकं आणि मांड्या शरीरात घुसल्या, आणि राम येऊन हात तोडेल तेव्हाच सुटका होणार होती. म्हणून एक दिवस राम हाताला लागेल या आशेवर तो सापडेल त्याला पकडत राहिला. हे मी आधीही वाचलं होतं, पण तेव्हा फक्त हातांची लांबी लक्षात ठेवली होती.

आगीचा लेयर डिलीट केला. आता एकच हात झालाय. मध्यरात्री आजोबा उशाशी चष्मा चाचपायचे, तशी बोटं काढलीत. पोट अजून रिकामंच आहे.