श्रेयनामावलीतला सहायक : फ्रँक फर्नांड

जुन्या हिंदी चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावरून सरकत असते तेव्हा संगीत-दिग्दर्शकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ येऊन जाते : ‘सहायक’. पुढे एखादे गोमंतकीय नाव असते. आपण ते वाचत नाही. मराठीत चित्रपटसंगीतावर आस्वादक लेखन पुष्कळ झाले. चाल कोणत्या रागावर बेतली आहे, कवीने प्रतिमा कोठून आणली, लताबाईंनी श्वास कोठे घेतला, इथवर आपण शिरलो. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिनचा किंवा ट्रम्पेटचा जो तुकडा येतो तो कोणी लिहिला, हे मात्र आपल्या समीक्षेने क्वचितच विचारले. हा प्रश्न मला फ्रँक फर्नांड यांच्या निमित्ताने विचारायचा आहे.

जोयडा तालुक्यातल्या वाचकाला हे नाव दूरचे वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावहून निघणारा लोहमार्ग दूधसागरचा घाट चढून आपल्या कॅसलरॉकला पोहोचला, आणि पोर्तुगीज गोव्यातून बाहेर पडणाऱ्यांचे ब्रिटिश हिंदुस्थानातले पहिले स्टेशन आपल्या तालुक्यात आले. मुंबईला निघालेला गोमंतकीय एक तर पणजीची आगबोट धरी, नाही तर ही गाडी. जकातीच्या तपासणीत ज्यांच्या वळकट्या सोडल्या गेल्या त्यांत आचारी होते, खलाशी होते, आणि व्हायोलिनची पेटी सांभाळणारे वादकही होते. याच मार्गावर, घाटाखाली, कुडचडे आहे. फ्रँकलिन फर्नांडिस, म्हणजे पुढचे फ्रँक फर्नांड, १९१९ साली तिथे जन्मले.

गोव्याच्या खेड्यातला मुलगा थेट मुंबईच्या वाद्यवृंदात जाऊन बसू शकला, याचे कारण चर्चची शाळा. तिथला मेस्त्री मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवी, व्हायोलिन हाती देई, आणि रविवारच्या प्रार्थनेत वाजवायला उभे करी. फ्रँक ट्रम्पेट आणि व्हायोलिन ही दोन वाद्ये घेऊन तरुणपणीच मुंबईत आले. ताजमहाल हॉटेलात तेव्हा क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड अशा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचे जॅझ गाजत होते. गोमंतकीय वादक त्या संगीतात घडले. पुढे संस्थानिक गेले, १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांचे दिवस पालटले. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. हॉटेलातला वादक स्टुडिओत गेला. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांकडे गेले आणि ‘अलबेला’त (१९५१) आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे संयोजक झाले. फ्रँक यांनी अनिल विश्वास, रोशन, किशोरकुमार, कल्याणजी-आनंदजी अशा अनेकांकडे सहायक म्हणून काम केले.

हे काम नेमके कोणते? संगीतकार हार्मोनियमवर चाल म्हणून दाखवी. सहायक ती कागदावर उतरवी, तिच्याखाली साथीचे स्वर मांडी, मधले तुकडे रची, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढी, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांपुढे उभा राही. गायक आणि वाद्यवृंद एकदमच मुद्रित होत, त्यामुळे पन्नासांतल्या एकाचा स्वर चुकला तरी गाणे पहिल्यापासून. वादकांना मिळे ती हजेरीची रक्कम. तबकडी किती खपली याच्याशी त्यांचा संबंध नसे. यात एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. अमुक गाण्यातला अमुक तुकडा फ्रँक यांचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुकडा संगीतकाराने सुचवला असेल, वादकाने जागेवर सुधारला असेल. सहायकाचा मोठेपणा सांगायचा म्हणून संगीतकाराचे श्रेय काढून घेणे ही दुसऱ्या बाजूची लबाडी झाली.

म्हणून फ्रँक यांच्या स्वतःच्या दोन चित्रपटांकडे वळावे लागते. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे दोन्ही त्यांनीच निर्माण केले, आणि दोन्ही कोकणीत. दिग्दर्शक ए. सलाम. हिंदीत पंधरा-वीस वर्षे घालवलेल्या माणसाने स्वतःचा पैसा लावताना बाजार नसलेली भाषा निवडली. हा निर्णय भावनेचा होता असे म्हणून भागणार नाही; माझ्या मते तो संगीताचाही होता.

हिंदी चित्रपटात ट्रम्पेट कोठे वाजतो ते आठवून पाहा. क्लबात, कॅबरेत, खलनायकाच्या अड्ड्यावर. सज्जन घरात तो आला की काही तरी बिघडणार हे प्रेक्षकाने ओळखावे. पण तोच ट्रम्पेट गोव्याच्या ख्रिस्ती गावात लग्नाच्या वरातीत, फेस्ताच्या मिरवणुकीत आणि प्रेतयात्रेतही असतो. तियात्राच्या रंगमंचापुढे बसलेल्या बँडमध्ये तर तो असतोच. फ्रँक यांचे वाद्य हिंदीत कायम पाहुणे राहिले, तेही थोडे बदनाम पाहुणे. कोकणी चित्रपटात ते घरी परतले. तिथे त्याला आई रडताना वाजता येते, मुलगा जहाजावर निघताना वाजता येते.

हेच स्वरमेळाचे. हिंदी गाण्याची चाल एकेरी. तिला खालून दिलेले स्वर हा बाहेरून चढवलेला साज. अंगरखा कितीही सुंदर शिवला तरी शरीर वेगळेच. मांडो मात्र मुळातच दोन आवाजांत म्हटला जातो. दुसरा आवाज पहिल्याला सोबत करत खालून चालतो. ज्या भाषेच्या गाण्यात जोडस्वर जन्मापासून आहे, तिथे संयोजकाला काही चिकटवावे लागत नाही. या दोन चित्रपटांतली गाणी ऐकताना मला वाद्यवृंद आणि शब्द एकाच अंगणात खेळल्यासारखे वाटतात.

तुलनेला एक आयतीच जोडी आहे. ‘निर्मोण’ची कथा टेनिसनच्या ‘इनॉक आर्डन’ या काव्यावर आधारलेली : समुद्रावर गेलेला, मेला असे समजले गेलेला माणूस परततो तेव्हा त्याची बायको दुसऱ्याच्या घरात असते. याच कथेवर ए. सलाम यांनीच १९६७ साली राजश्रीसाठी हिंदी ‘तकदीर’ केला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि प्यारेलाल हे व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. म्हणजे गोमंतकाचा हात इथेही आहे. ‘तकदीर’मधले, दूरच्या बापाला हाका मारणाऱ्या मुलांचे गाणे अजून लोकांना पाठ आहे. ते गोड आहे आणि कसबी आहे. पण हिंदीत ही एक दुर्दैवी कुटुंबाची गोष्ट होते. कोकणीत ती खलाश्यांच्या अख्ख्या समाजाची गोष्ट आहे. थिएटरात बसलेल्या बाईचा नवरा खरोखरच जहाजावर असे.

दोष नाहीत असे नाही. दोन्ही चित्रपटांवर तियात्राची छाया दाट आहे. सी. आल्वारिस यांच्यासारखे रंगभूमीचे नट कॅमेऱ्यापुढेही मागच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी बोलतात, आणि कथानक थांबवून गाणे येते. या चित्रपटांतले ‘आमचें’ही अपुरे आहे. ते मुख्यतः ख्रिस्ती गावांचे. गोव्यातून घाट चढून आपल्या रानात स्थिरावलेल्या कुणब्यांची कोकणी त्यात नाही, त्यांचे ढोल-फुगडीही नाही. जोयड्याच्या कुणब्याने हे चित्रपट पाहिले तर भाषा कळेल, घर ओळखीचे वाटणार नाही.

इथे सीमाभागातल्या मराठी वाचकाशी थोडे उघड बोलले पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात सार्वमत झाले. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. कोकणी अस्मिता जागवण्यात या दोन चित्रपटांचाही वाटा होता, असे गोव्यात सांगतात. त्यामुळे आपल्याकडच्या मराठी मनाने त्यांच्याकडे पाहिले ते, पाहिलेच असेल तर, विरुद्ध पक्षाचा पुरावा म्हणून. ही पाहण्याची रीत आपलेच नुकसान करते. शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि चुलीपाशी कोकणी असा आपला दिवस जातो. चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या भाषेत एका थोर वादकाने केलेले काम आपण मतमोजणीच्या कागदाखाली दाबून ठेवले. सार्वमत कधीच संपले. गाणी शिल्लक आहेत.

या दोन चित्रपटांनंतर फ्रँक यांची बरीच वर्षे पुन्हा हिंदी स्टुडिओत, सहायकाच्याच खुर्चीत गेली. २००७ साली ते वारले. पुढे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांचे सोबती यांच्यावर इंग्रजीत चांगले लेखन झाले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथच लिहिला. मराठीत, ज्या भाषेतल्या सी. रामचंद्रांचे यश चिकच्या वाद्यवृंदावर उभे होते त्या भाषेत, अजून तसे काम व्हायचे आहे.

गावोगाव जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात. निवेदक चित्रपट, कवी, संगीतकार आणि गायक सांगून टाळ्या घेतो. त्या यादीत यापुढे सहायकाचेही नाव यावे, एवढी माझी मागणी आहे. आणि कोणा रसिक मंडळाला जमले तर ‘निर्मोण’ एकदा जोयड्यात दाखवावा, तोही कुणब्यांच्या वाड्यावर. धरणाखाली सुपे गेल्यानंतर घर सोडून जाणे म्हणजे काय हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको. परतलेला माणूस आपल्याच दारात परका होतो तेव्हा वाद्यवृंद काय करतो, हे त्या प्रेक्षकांना कोणा समीक्षकापेक्षा नेमके कळेल.