सोलापूरची स्वायत्त ख्रिस्ती मंडळी : साधनांविषयीं विचार

अमेरिकन मराठी मिशनचा इंग्रजी स्मारकनिबंधसंग्रह मुंबईस १८८२ सालीं प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीं आक्टोबरांत अहमदनगरच्या सभेपुढें वाचलेले हे निबंध मिशनचें कार्य समजण्यास उपयुक्त आहेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु अशा ग्रंथावरून सोलापूरच्या मंडळीचा इतिहास लिहूं पाहणें आम्हांस अयुक्त वाटतें.

कारण या पंथाच्या घटनेंतच आहे. इंग्लंडांत राजमान्य चर्चपासून फुटलेल्या या पंथाचें मत असें कीं, प्रत्येक गांवची मंडळी स्वायत्त. पाळक निवडणें, सभासद घेणें वा वगळणें हा तिचाच अधिकार. तिजवर बिशपाची सत्ता नाहीं. हा पंथ अमेरिकेंत रुजला. तेथून हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले. १८३१ त अहमदनगरास, व १८६० नंतर सोलापुरास ठाणें झालें. हार्डिंग, गेट्स हीं तेथील परिचित नांवें होत.

जेथें निर्णय सभासदांच्या मतानें होतो, तेथें सभावृत्त हेंच मूळ प्रमाण. मिशनऱ्यांचीं पत्रें बोस्टनच्या चालकांस व वर्गणीदारांस उद्देशून जात. आज तीं हार्वर्ड विद्यापीठांत आहेत. त्यांची योग्यता टीकेची. आपण मात्र टीका हातीं धरून मूळाचा शोध सोडतों. मंडळीस स्वातंत्र्य देणाऱ्या पंथाचा इतिहास परक्याच्या लेखणीवरच अवलंबावा, हा मोठाच विपर्यास होय.

उदाहरण घ्या. १८७६–७८ चा दुष्काळ आणि १८७७ त सुरू झालेली जुनी गिरणी यांनीं सोलापूरची वस्ती पालटली. एका मंडळींतून दुसरींत जाणाऱ्या सभासदास शिफारसपत्र देण्याची या पंथाची रीत आहे. कोण कोणत्या गांवाहून आला, हें अशा पत्रांवरून कळतें. वार्षिक अहवालांतील बेरजेवरून कळत नाहीं.

१९२४ त या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्यें, व १९७० त उत्तर भारतीय चर्चमध्यें सामील झाल्या. जुन्या नांवाबरोबर जुनीं दप्तरेंहि अडगळींत पडण्याचें भय अशा वेळीं अधिक. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बाप्तिस्म्याच्या नोंदी, सभावृत्तें, शिफारसपत्रें व ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मोडी असोत वा बाळबोध, पोथ्यांइतक्याच आदरानें जपावे. मूळावांचून कांहीं लिहूं नये हा मल्लिनाथाचा नियम काव्यापुरताच नाहीं.