फाळका वर की खाली? पिकअपचा हौदा, ड्रॅग आणि ॲव्हरेज

अमेरिकेत पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक जुना समज आहे. हौदा रिकामा असेल तर हायवेवर मागचा फाळका खाली पाडून चालवायचं, म्हणजे पेट्रोल वाचतं. कारण ऐकायला अगदी पटणारं आहे: टपावरून आलेली हवा हौद्यात शिरते, फाळक्यावर आपटते आणि पॅराशूटसारखी गाडीला मागे ओढते. फाळका पाडला की हवेला वाट मोकळी.

‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाने हा समज तपासला. दोन सारख्या पिकअप, दोन्हींची टाकी फुल्ल, एकीचा फाळका वर, दुसरीचा खाली. खाली असलेलीचं पेट्रोल आधी संपलं. वर असलेली आणखी ३० मैल गेली. निकाल: समज खोटा. यूट्यूबवर बघितलं असेल तुम्ही.

निष्कर्षाची दिशा बरोबर आहे, असं माझं मत आहे. पण त्या चाचणीतून तो निष्कर्ष निघतो का? संशोधनात यायची तयारी करताय ना, मग हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या.

आधी थोडा हिशोब करू. कागद-पेन घ्या, खरंच घ्या. मोठी अमेरिकन पिकअप धरा: वजन २३०० किलो, समोरचं क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर, ड्रॅग कोइफिशंट ०.४०. ताशी १०० किमीला हवेचा रोध येतो साधारण ५९० न्यूटन. टायरचा रोलिंग रोध वजनाच्या १% धरला तर २२५ न्यूटन. एकूण ८१५. आता फाळक्यामुळे ड्रॅग ५% बदलला असं समजा. म्हणजे ३० न्यूटन, एकूण रोधाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इंधनातला फरक त्याहून थोडा कमीच, कारण इंजिनच्या आतलं घर्षण फाळका कुठे आहे ते बघत नाही. ताशी ५० किमीला हाच हिशोब केलात तर फरक २% वर येतो. शहरात ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या खेळात तर तो सापडणारच नाही.

उलट बाजूने जाऊ. एका टाकीत ४५० मैल धरले तर ३० मैल म्हणजे जवळजवळ ७%. एवढा फरक नुसत्या हवेमुळे पडायचा तर ड्रॅग किमान ९ टक्क्यांनी बदलायला हवा, इंजिनचा हिशोब धरला तर आणखी जास्त. एका फाळक्यासाठी मला हा आकडा मोठा वाटतो. अशक्य म्हणत नाही, पण भुवई वर जायला हवी.

आता हेच बघा: समोरून ताशी ५ किमीचा वारा असला, म्हणजे नुसती झुळूक, तर १०० च्या वेगाला ड्रॅग १०% वाढतो. सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात १० अंशांचा फरक असला तर हवेची घनता ३ टक्क्यांहून जास्त बदलते. दोन ड्रायव्हरांच्या वेगात ताशी २ किमीचा फरक पडला तर ड्रॅग ४% इकडेतिकडे. जे मोजायचंय त्याच्याएवढेच हे सगळे घोळ आहेत! मिथबस्टर्सनी दोन्ही गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर पळवल्या, त्यामुळे वारा आणि तापमान दोघींना सारखं मिळालं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. बरेच जण एकाच गाडीचं आजचं आणि उद्याचं ॲव्हरेज काढून मोकळे होतात. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्या म्हणजे एकच गाडी नव्हे. टायर, इंजिनची झीज, टाकी नेमकी किती भरली, हे सगळं वेगळं. दोघींचे फाळके वर ठेवून आधी धावल्या असत्या तर किती मैलांचा फरक पडला असता? ३० च्या शेजारी हा दुसरा आकडा ठेवल्याशिवाय ३० ला काही अर्थ नाही. ट्रकांच्या इंधन चाचण्यांत म्हणूनच एक ‘कंट्रोल’ गाडी असते, तिच्यात काहीच बदलत नाहीत, टाकी भरून बघण्याऐवजी वजन करतात, आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा होतात. कंटाळवाणं आहे, टीव्हीवर चालणार नाही.

कार्यक्रमाने कारणही दिलं. पाण्याच्या टाकीत छोटं मॉडेल ठेवून दाखवलं की फाळका वर असताना हौद्यात एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरून जाते. चित्र छान आहे, पॅराशूटवाल्या कल्पनेपेक्षा तर खूपच बरं. टपाच्या मागच्या कडेला प्रवाह सुटतो, हौद्यात सरळ शिरत नाही, हे खरंच. पण पुढे एका भागात त्यांनी जाळीचा फाळका लावून बघितला आणि तो सगळ्यांत सरस ठरला. आता विचार करा: हवा आरपार जाऊ देणारी जाळी जिंकत असेल, तर ‘अडकलेल्या भोवऱ्यामुळे बचत’ एवढंच स्पष्टीकरण पुरतं का? मोजमाप पुढे गेलं, गोष्ट तिथेच राहिली.

इथे पेपर वाचावे लागतात. २००३ मध्ये अल-गार्नी, बर्नाल आणि खालिघी यांनी मिशिगन विद्यापीठाच्या विंड टनेलमधलं काम एसएईकडे प्रसिद्ध केलं. हवेत बारीक कण सोडायचे, लेझरचा पातळ पडदा टाकायचा, लागोपाठ दोन फोटो घ्यायचे आणि कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा, ही पद्धत त्यांनी वापरली. गाडीच्या बरोबर मध्यातून उभा काप घेतला, तर फाळक्याच्या मागे उलटा फिरणारा प्रवाह दिसायला हवा असं आपल्याला वाटतं. त्यांना तो दिसला नाही! तिथे हवा जोरात खाली येत होती. उलटे फिरणारे छोटे प्रदेश मध्याच्या दोन्ही बाजूंना सापडले. हौद्याच्या पुढच्या भागात दाबाची चढउतार कमी, फाळक्याच्या कडेशी खूप जास्त. म्हणजे वहीत आपण काढतो ते सपाट, बाजूने बघितलेलं चित्र अपुरं आहे. हा प्रवाह तीन मितींचा आहे.

यावरून पॅराशूटच्या कल्पनेतली चूकही कळते. फाळक्याच्या आतल्या बाजूवरचा दाब गाडीला मागे ढकलतो, हे नाकारायचं कारण नाही. पण ड्रॅग म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवरच्या दाबांची बेरीज. फाळका पाडलात की तो एक हिस्सा जातो, पण केबिनच्या पाठीवरचा आणि गाडीच्या मागचा दाबही बदलतो. एकाच पत्र्याचा जमाखर्च मांडून ताळेबंद होत नाही.

या पेपरची मर्यादाही बघा. मॉडेल मूळ गाडीच्या १/१२ आकाराचं, रेनॉल्ड्स नंबर सुमारे ३ लाख. हायवेवरच्या खऱ्या पिकअपचा १ कोटीच्या घरात जातो. टपाच्या धारदार कडेला प्रवाह सुटतो तिथे याने फार बिघडत नाही, गोलसर कोपऱ्यांवर बिघडू शकतं. आणि लेखकांचा उद्देश प्रवाह समजून घेणं आणि संगणकी गणितं तपासायला माहिती देणं हा होता. यातून ‘किती पेट्रोल वाचेल’ असा आकडा काढणाऱ्याने दोष लेखकांना देऊ नये.

त्या प्रश्नाकडे सरळ जाणारा पेपर कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या केव्हिन कूपर यांचा, २००४ चा. शीर्षकातच सल्ला आहे: फाळका वरच ठेवा. माझी त्यांच्याशी तक्रार नाही, शीर्षकावर थांबणाऱ्या वाचकांशी आहे. तुम्ही वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा: हौद्याची लांबी बदलली की फरक किती बदलतो, आणि तिरक्या वाऱ्यात काय होतं. रस्त्यावर वारा नेहमी नाकासमोरून येत नाही, त्यामुळे शून्य अंशाचा एकच ड्रॅग कोइफिशंट हाताशी धरून इंधनाचा अंदाज बांधणं धाडसाचं आहे.

आपल्याकडच्या पिकअपसाठी यातलं काय घ्यायचं, असं कुणी विचारेलच. प्रवाहाची समज घ्या, आकडे घेऊ नका. वरचे सगळे प्रयोग रिकाम्या हौद्याचे, हायवेच्या वेगाचे. कांद्याच्या गोण्या केबिनच्या टपाच्याही वर रचून ताडपत्री बांधली की हौदा ही पोकळीच उरत नाही, फाळक्याचा प्रश्न मिटतो. तिथे समोरचं क्षेत्रफळ वाढलेलं असतं आणि ताडपत्रीची सैल कड फडफडत असते. आणि ताशी ४०-५० किमीला एवढं वजन असलं की रोलिंग रोध हवेच्या रोधाहून मोठा होतो, म्हणजे आधी टायरमधली हवा तपासा.