भंगारातले पुर्जे आणि आठवणींतले पुरुष

जुन्या गाडीच्या एका पुर्ज्यासाठी भंगारबाजार पालथा घालणाऱ्या पुरुषांच्या आठवणी हल्ली बऱ्याच वाचायला मिळतात. फियाटची हेडलाइट, अँबॅसिडरची व्हीलकॅप, कुर्ल्याच्या गल्ल्या, तेलकट हात, घासाघीस. वाचताना गोडी लागते, खोटं कशाला बोलू? पण लेखनात एक उणीव खटकते. सगळा आनंद शोधणाऱ्याचा. ज्यानं ती गाडी उघडली, पुर्जे सोडवून वेगळे ठेवले, तो भंगारवाला नुसता 'चाचा'. कुठला कार्ब्युरेटर कशाला बसेल हे तो नजरेनं सांगायचा. ती विद्या कुठून आली, हे विचारायला लेखकाला सुचतच नाही.

२०२३च्या जानेवारीत आपल्या वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा थाटात सोहळा झाला. त्याच ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. ही पद्मिनी कुर्ल्यातच तयार व्हायची. हळहळ पुष्कळ झाली. पुर्जे सोडवणाऱ्यांबद्दल मात्र त्या हळहळीत मला काही सापडलं नाही.

आणि मैत्रिणींनो, स्टोव्हचा पितळी बर्नर, जुन्या कुकरची शिट्टी, मिक्सरचा कपलर यांसाठी मांडवीत आपण किती दुकानं पायाखाली घातली! त्याला छंद कोण म्हणतं? 'नवा घे की, चिकटपणा कशाला,' एवढंच ऐकायचं. त्यांची ती ओढ, आपला तो कंजूषपणा! माझ्या मते शोध एकच. फक्त आपला कुकर संध्याकाळी वरणाला लागायचा, त्यामुळे आठवणी लिहायला सवड नसायची.