थाई नमस्काराचें व्याकरण

परभाषेची तोंडओळख करून देणाऱ्या छोटेखानी पुस्तकांत अभिवादनाचें प्रकरण नेहमीं पहिलें असतें, आणि बहुधा तेंच सर्वांत निष्काळजीपणें लिहिलेलें असतें. थाई भाषेचीं अशीं चार-पांच पुस्तकें आम्ही अलीकडे चाळलीं. 'सवत्दी म्हणजे नमस्कार' एवढें सांगून सर्वांनीं हात झटकले आहेत.

वास्तविक हा शब्द मोठा बोलका आहे. मूळचा तो संस्कृत 'स्वस्ति'च. थाई लिपींत तो आजही सकारासह लिहितात. मात्र त्या भाषेंत अक्षराच्या अंतीं सकार उच्चारला जात नाहीं, त्याचा तकार होतो. जुन्या मराठी पत्रांच्या आरंभीं 'स्वस्ति श्री' वाचलेल्या वाचकाला येथें ओळखीचा चेहरा भेटल्याचा आनंद होईल. पण तेवढ्यावरून हा शब्द शतकानुशतकें थाई माणसाच्या ओठांवर आहे असें कोणी समजूं नये. चुलालोंगकोर्न विद्यापीठांतील भाषापंडित फ्राया उपकित सिलपसान यांनीं तो अभिवादनासाठीं योजिला, आणि १९४३ सालीं फिबून सोंगख्राम यांच्या सरकारनें तो सर्व देशासाठीं पुरस्कारिला. त्यापूर्वीं लोक एकमेकांस 'कुठें निघालांत?', 'भात खाल्लात का?' असें विचारीत. घरोब्याच्या माणसांत आजही विचारतात. 'जेवण झालें का?' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यांतील आपुलकी निराळी समजावून द्यावी लागत नाहीं. परंतु 'किन खाव रू यंग' या प्रश्नाला त्या पुस्तकांत जागाच नाहीं! विद्यापीठांतून आलेला शब्द ठेवावा आणि चुलीपाशीं वाढलेला वगळावा, ही निवड आम्हांस पटत नाहीं.

दुसऱ्या एका प्रमादाचें फळ आम्हीं स्वतः भोगलें. वाक्याच्या शेवटीं पुरुषानें 'ख्रप' व स्त्रीनें 'खा' असा आदरदर्शक शब्द जोडावयाचा असतो. हा भेद बोलणाऱ्यावरून ठरतो, ऐकणाऱ्यावरून नव्हे. आपणही 'मी जातों' आणि 'मी जातें' म्हणतोंच कीं! पण एका पुस्तकानें नियम उलटा करून 'स्त्रीशीं बोलतांना खा म्हणावें' असें छापलें होतें. त्यावर विसंबून बँकॉकच्या बाजारांत फळें विकणाऱ्या एका बाईंना, पन्नाशी उलटलेल्या आम्हीं, मोठ्या अदबीनें 'सवत्दी खा' म्हटलें. त्यांनीं हसूं आवरून हात जोडले, आणि 'ख्रप, ख्रप' असें दोनदां सावकाश म्हणून दाखविलें. पुस्तकाच्या नव्या आवृत्तींतही तें वाक्य जसेंच्या तसें आहे.